टाकळ्याची बी रोज पाणी घालूनही का रुजत नाही?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. एका ताईंनी दिवाळीत चिपळूणजवळच्या माहेरून टाकळ्याच्या वाळलेल्या शेंगा आणि कुर्डूचे तुरे आणले, बिया काढल्या, डबीत भरून फ्रिजमध्ये ठेवल्या. जानेवारीत पुण्यात कुंड्यांमध्ये बोटभर खोल पेरल्या, दीड महिना रोज पाणी घातलं, काहीच नाही. जूनमध्ये उरलेल्यातल्या काही पेरल्या तर टाकळ्याचे तीन कोंब, कुर्डू शून्य. आणि बिल्डिंगच्या मागच्या पडीक प्लॉटवर मात्र पहिल्या पावसात टाकळ्याची नुसती चादर. बी मेलं का, जास्त दिवस भिजवू का, संजीवक मारू का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, बी मेलेलं नाही. तुम्ही तिचा उन्हाळा काढून घेतलात, एवढंच झालंय.

मी गेली वीसेक वर्षं रानातल्या बिया गोळा करून लावायचं काम करते आणि पहिली तीन वर्षं मी पण अगदी हेच केलं, फ्रिज, रोज पाणी, मग कुंडीकडे बघून चिडचिड. आपल्याला मेथी-धण्याची सवय असते ना, पाणी लागलं की चौथ्या दिवशी हिरवं. पण मेथी माणसाने हजारो वर्षं निवडून निवडून आज्ञाधारक केलेली आहे, पेरल्यावर जी बी लगेच उगवली तिचंच बियाणं पुढच्या वर्षाला गेलं. टाकळ्याला असं कोणी शिकवलेलं नाही. त्याला एकच पावसाळा मिळतो, जूनमध्ये उगवायचं, भाद्रपदाच्या आसपास पिवळी फुलं, दिवाळीपर्यंत शेंगा वाळवून स्वतः मरून जायचं, आणि पुढचे सात-आठ महिने त्या झाडाचं जे काही जगात शिल्लक आहे ते फक्त जमिनीवर पडलेल्या बिया. त्या बियांनी ऑक्टोबरच्या परतीच्या पावसाला भुलून मोड काढले तर डिसेंबरात सगळं खल्लास. म्हणून पाणी मिळालं तरी उगवायचं नाही ही सोय त्या बीमध्येच केलेली असते, तिला सुप्तावस्था म्हणतात. नुसती कोरडी पडून राहिलेली बी वेगळी आणि पाणी, ऊब, हवा सगळं देऊनही न उगवणारी वेगळी. तुमच्याकडे दुसऱ्या प्रकारच्या दोन बिया आहेत, आणि गंमत म्हणजे दोघींची कुलपं पूर्ण वेगळी आहेत, त्यामुळे उत्तर लांबणार.

टाकळ्यापासून सुरू करू. (विदर्भातला तरोटा तो हाच, गोव्यात तायकिळो म्हणतात.) मटकीची उसळ करताना रात्रभर भिजवूनही काही दाणे तसेच खड्यासारखे राहतात आणि नेमके दाताखाली येतात, त्यांना आपण गणंग म्हणतो. टाकळ्याची जवळजवळ सगळी पिकलेली बी म्हणजे गणंग आहे. मटकी आणि टाकळा दोन्ही शेंगवर्गातले, आणि कारणही तेच, टरफलातून पाणी आत जातच नाही. एक साधी टेस्ट करा, वीस बिया वाटीत पाण्यात टाका आणि दुसऱ्या दिवशी बघा. ज्या फुगून जवळपास दुप्पट झाल्या त्यांच्यात पाणी गेलं. ज्या तशाच तपकिरी चकचकीत टणक आहेत त्या आतून अजून पूर्ण कोरड्या आहेत, पाण्यात बसूनसुद्धा. त्यामुळे "जास्त दिवस भिजवू का" याचं उत्तर नाही, कुजकट वास सुटेल बाकी काही होणार नाही. आणि संजीवक, म्हणजे जिबरेलिक आम्ल वगैरे, ते पाण्यातूनच आत जाणार ना, पाणीच जात नाही तर ते कुठून जाणार. पैसे वाचवा.

टरफलाची रचना बघण्यासारखी असते. सगळ्यात वर मेणचट थर आणि त्याच्याखाली उभट, जाड भिंतींच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून, काडेपेटीत काड्या उभ्या ठासून भराव्यात तशा. बी शेंगेत हिरवी असते तेव्हा हा थर अजून पाणी रोखत नाही, बी वाळता वाळता तो बंद होतो. म्हणून शेंग पूर्ण वाळायच्या आधी, हिरवट-पिवळी असताना बी काढून लगेच लावली तर बऱ्याचदा काहीही न करता उगवते, बघा कधी करून. वाळताना आतलं पाणी बाहेर जातं पण बाहेरचं आत का येत नाही हे कोडं क्लोव्हर आणि लुपिन या शेंगवर्गातल्याच झाडांवर हाइड नावाच्या संशोधकाने १९५४ साली सोडवलं, बियांचा जो डोळा असतो, जिथून ती शेंगेला चिकटलेली असते, तिथली बारीक फट बाहेर कोरडं असलं की उघडते आणि दमट झालं की मिटते. एकाच बाजूने उघडणारा दरवाजा. पावसाळी हवेत बंद, कोरड्या हवेत उघडा, त्यामुळे बी वाळतच जाते, वाळतच जाते.

मग हे कुलूप उघडतं कधी? तर ऊन आणि रात्र यांच्या झटापटीत. एप्रिल-मे महिन्यात उघड्या जमिनीवर अनवाणी उभं राहून बघा, हवेचं तापमान चाळीस असताना मातीच्या वरच्या थराचं सहज पन्नास-साठच्या घरात असतं आणि पहाटे तीच माती निम्म्यावर आलेली असते. रोज तापायचं, रोज निवायचं, रोज फुगायचं, रोज आकसायचं, असं दोन-अडीच महिने. त्या टणक टरफलात एखादी ठरलेली नाजूक जागा असते, तिथल्या पेशींची पकड या ताणाने हळूहळू सुटते आणि बारीकशी फट पडते. बाकी सगळं टरफल जसंच्या तसं असतं, डोळ्यांना काहीही फरक दिसत नाही, पण आता पाऊस पडला की पाणी त्या फटीतून आत जातं. ऑस्ट्रेलियात कुरणांसाठी क्लोव्हरवर यावर भरपूर काम झालंय, तिथे बिया मऊ पडतात का बघायला प्रयोगशाळेत दिवसा ६० आणि रात्री १५ अंश असं तापमान फिरवतात. तिकडचा उन्हाळा संपून हिवाळ्याचा पाऊस येतो आणि आपल्याकडे उन्हाळ्यानंतर मृगाचा, पण "आधी भाजून निघायचं मग पाऊस" हा क्रम दोन्हीकडे सारखाच आहे.

आता तुमचा फ्रिज आठवा. चार-पाच अंश, दिवसरात्र एकसारखं. बीच्या हिशोबाने अजून दिवाळीचीच संध्याकाळ चालू आहे! जूनमध्ये तुम्ही पेरलीत तेव्हा आकाशात पाऊस होता पण बीने उन्हाळा बघितलाच नव्हता. जे तीन कोंब आले त्या बहुतेक नीट न पिकलेल्या किंवा शेंगा सोलताना टरफलाला खरचटलेल्या बिया असणार. प्लॉटवरच्या बिया मात्र डेब्रिजच्या बाजूला, उघड्या मातीत, अख्खा वैशाख वणवा सोसून तयार होत्या. म्हणूनच टाकळा दाट झाडीखाली फारसा दिसत नाही, रस्त्याच्या कडेला, पडीक रानात, गुरांच्या वाटेवर दिसतो. तिथे सावली नाही, माती थेट तापते. आणि गुरं टाकळ्याला सहसा तोंड लावत नाहीत, आजूबाजूचं गवत खाऊन जमीन उघडी करून देतात, ते वेगळंच फावतं त्याला.

पण हे कुलूप सगळ्या बियांचं एकाच वर्षी उघडत नाही. वर पडलेली उघडते, दोन-तीन इंच खाली गेलेली नाही, कारण खाली तापमानाचा तो चढउतार पोचतच नाही. एकाच शेंगेतल्या दोन बियांमध्येसुद्धा फरक असतो. हा फरक म्हणजे झाडाची फिक्स डिपॉझिट आहे. समजा वळवाचा जोरदार पाऊस मेच्या मध्यात झाला, सगळं हिरवं झालं आणि मग तीन आठवडे कडक ऊन. उगवलेली सगळी रोपं करपणार. सगळ्याच बिया उगवल्या असत्या तर त्या जागेवरून टाकळा कायमचा गेला असता. दुबार पेरणीचं संकट ज्याने बघितलंय त्याला हे समजावून सांगायला नको, फरक एवढाच की शेतकऱ्याला दुसऱ्यांदा बियाणं विकत आणावं लागतं आणि टाकळ्याचं जमिनीत असतंच. वाळवंटातल्या वर्षायू, म्हणजे एकाच वर्षात उगवून मरणाऱ्या झाडांसाठी दरवर्षी किती बिया उगवाव्यात आणि किती मागे ठेवाव्यात याचं गणित इस्रायलच्या डॅन कोहेन यांनी १९६६ साली मांडलं, सार एवढंच की वर्ष जितकं बेभरवशाचं तितकी मागे ठेवायची शिल्लक जास्त. आपल्याकडे २०२५ साली मान्सून २६ मेलाच मुंबईत येऊन थडकला, बेभरवशाचं म्हणजे काय ते अजून काय सांगू.

आणि ही शिल्लक किती टिकते? सगळ्या बियांचं सारखं नसतं, पण अमेरिकेत मिशिगनमध्ये विल्यम बील नावाच्या प्राध्यापकांनी १८७९ मध्ये तणांच्या बिया वाळूत मिसळून वीस बाटल्या पुरल्या होत्या, ठरावीक वर्षांनी एकेक उकरून पेरून बघतात. २०२१ मध्ये जी काढली तिच्यातल्या मुलेन (mullein) नावाच्या झाडाच्या बिया १४२ वर्षांनी उगवल्या. पुढची बाटली २०४० ला. त्यामुळे "गेल्या वर्षी सगळं तण मुळासकट उपटलं तरी यंदा परत कसं" असं कोणी विचारलं की मला हसू येतं.

आता कुर्डू. तिचं टरफल पाणी अडवत नाही, वाटीत टाकलीत तर भिजेल, पण तरी उगवणार नाही, कारण तिचा अडसर आतल्या गर्भात आहे. ताज्या बीमध्ये थांब म्हणणारं संप्रेरक, अॅब्सिसिक आम्ल, वरचढ असतं आणि चल म्हणणारं जिबरेलिन दबलेलं. बी कोरडी आणि उबदार जागी काही महिने पडून राहिली की हा तराजू हळूहळू दुसरीकडे झुकतो. शेतकऱ्यांना हा प्रकार भुईमुगामुळे पाठ आहे, उपटी भुईमूग काढणीला आला आणि पाऊस लागला तर शेंगा जमिनीतच मोड काढतात, पसरी जातीचा मात्र दोन-तीन महिने ढिम्म हलत नाही. पीक तेच, पण एका जातीला विश्रांती लागते आणि एकीला नाही. कुर्डू पसरीच्या पंथातली समजा. इथेही फ्रिजने घोळ केला, थंडीत ही आतली पिकण्याची क्रिया जवळजवळ थांबते. विलायती झाडांच्या पुस्तकात बी फ्रिजमध्ये ठेवा असं जे असतं ते वेगळं, तिकडच्या कित्येक झाडांना ओल्या मातीत थंडी लागते, बर्फाचा हिवाळा संपला याची खूण म्हणून. आपल्याकडच्या पावसाळी झाडांना थंडी टाळायचीच नाहीये, त्यांना पावसाशिवायचे कोरडे महिने टाळायचेत. इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून लोक तेरड्याच्या बिया पण फ्रिजमध्ये ठेवतात, का ते त्यांनाच माहीत.

कुर्डूची दुसरी अट उजेडाची. तुम्ही बोटभर खोल पेरली तिथेच गणित फिसकटलं. बी जेमतेम मिलिमीटरभराची, तिच्यात शिदोरी किती असणार, बोटभर माती फोडून वर येईपर्यंतच संपेल. म्हणून अशा बारीक बिया आधी वर उजेड आहे का हे तपासतात. मी स्वतः कुर्डू मातीवर नुसती भुरभुरवते, हाताने दाबते, वर काही टाकत नाही, तेव्हाच ती भरघोस येते असा माझा अनुभव. ही उजेडाची भानगड १९५२ साली अमेरिकेत बेल्ट्सव्हिलच्या सरकारी प्रयोगशाळेत लेट्यूसच्या बियांवर उलगडली. लाल प्रकाश दिला की उगवतात, त्यानंतर लगेच लालच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा प्रकाश दिला की थांबतात, पुन्हा लाल दिला की पुन्हा उगवतात, जो शेवटचा दिला तो खरा. बटणच जणू. आणि हे बटण रानात उपयोगी कसं तर हिरव्या पानातून गाळून खाली येणाऱ्या सावलीत लाल प्रकाश पानांनी खाऊन टाकलेला असतो आणि पलीकडचा तेवढा उरतो, म्हणजे बीला कळतं की डोक्यावर आधीच कोणीतरी छत्री उघडून बसलंय, आत्ता नको. शेतात कोळपणी केल्यावर आठ दिवसांत तणाची नवी फळी उठते ती बरीचशी यामुळेच, माती हलताना खालच्या बियांना क्षणभर उजेड लागतो आणि तेवढा पुरतो. जर्मनीत तर यासाठी रात्री अंधारात नांगरून बघण्याचे प्रयोग झालेत.

मध्येच एक सांगते, सगळीच तणं अशी घड्याळ बघून चालत नाहीत. गाजरगवत घ्या, १९५५ च्या सुमाराला पुण्यात पहिल्यांदा लक्षात आलं आणि आज कुठे नाही. त्याला मृग नाही आणि दिवाळी नाही, ओल मिळाली की वर्षभर कधीही उगवतं. नळाच्या गळक्या पाइपाशी जानेवारीत उगवलेलं गाजरगवत तुम्ही बघितलं असेल, टाकळा बघितलाय का कधी? ते इथल्या ऋतूंचं काही देणं लागत नाही. टाकळा लागतो.

बरं, आता करायचं काय. तुमच्याकडे बिया उरल्या असतील तर टाकळ्याचे दोन भाग करा.

अर्धा भाग निसर्गाच्या हवाली. मातीच्या पसरट कुंडीत किंवा तुटक्या परातीसारख्या कशात तरी दोन इंच कोरडी माती घ्या, बिया वर पसरा, अगदी चिमूटभर माती भुरभुरवा आणि मार्चपासून गच्चीत भर उन्हात ठेवून द्या, पाणी अजिबात नाही. स्टीलच्या ताटात नुसत्या बिया ठेवू नका, त्या भाजून निघतील, मातीचं अंथरूण पाहिजेच. वर बारीक जाळी बांधा नाहीतर खारी आणि उंदीर तुमच्या आधी हिशोब करतील. वळवाची एखादी सर पडली तर पडू द्या, त्यात किती फसतात ते पण कळेल. मृगाचा पाऊस लागला की कुंडी तशीच पावसात राहू द्या.

उरलेला अर्धा भाग घाईवाल्यांसाठी. बी दोन बोटांत धरून सँडपेपरवर एका बाजूने घासा, चकाकी जाऊन आतला फिकट रंग जरासा दिसला की थांबा, ज्या टोकाला डोळा आहे ते टोक सोडून, कारण कोंब तिथून निघतो. पंधरावीस बियांना हे ठीक आहे, पसाभर असतील तर गरम पाणी. पाणी उकळा, गॅस बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग बिया त्यात टाका आणि झाकून रात्रभर तसंच गार होऊ द्या. बिया गॅसवर ठेवून उकळायच्या नाहीत हां, एकदा एका शिकाऊ मुलाने माझ्याकडे चांगली किलोभर बी अशी शिजवून ठेवली होती. सकाळी फुगलेल्या वेचून लगेच अर्धा इंच खोल पेरा, ज्या अजून गणंग आहेत त्यांना पुन्हा एकदा तीच वागणूक द्या. लॅबमध्ये गंधकाम्लात बुडवतात, ते घरी करायचं नाही, त्यावर चर्चा पण नको. बाभळीच्या बिया शेळ्यांच्या वाड्यातून, लेंड्यांमधून वेचतात तोही याच कुलपावरचा इलाज आहे, शेळीच्या पोटात टरफल झिजतं, पण टाकळ्यासाठी शेळी कुठून आणणार आणि आणली तरी ती खाणार नाही.

घासलेल्या बिया सुद्धा जानेवारीत लावू नका. पुण्यात रात्री पारा दहा-बाराला येतो, पाणी आत गेलेलं आणि ऊब नाही, अशी बी उगवण्याआधी कुजते. मेअखेर किंवा जून बरा.

कुर्डूची डबी आजच फ्रिजमधून काढा, कागदी पाकिटात घालून स्वयंपाकघरात कोरड्या कोनाड्यात ठेवा, जूनपर्यंत विसरा. जूनमध्ये मातीवर भुरभुरवा, दाबा, झारीने नाही तर फवाऱ्याने पाणी द्या, नाहीतर सगळी बी कडेला वाहून जाते.

पुढच्या वर्षी बी कुठून आणायची यावर एक विनंती. रस्त्याकडेचा टाकळा हवा तेवढा घ्या पण कासच्या पठारावरून किंवा तसल्या सड्यांवरून मूठभरसुद्धा बी आणू नका. तिथे कातळावर बोटभर माती असते आणि वर्षायू झाडांची सगळी शिल्लक त्या बोटभर मातीत, तिला खाली जाऊन लपायला जागाच नसते.

आणि हो, जानेवारीत पेरलेल्या त्या कुंड्या फेकून तर नाही ना दिल्या? दिल्या नसतील तर त्यातली माती उकरू नका, दुसरं काही लावू नका, पाणी बंद करा आणि सरळ गच्चीत उन्हात सरकवा. तुमच्या टाकळ्याच्या बऱ्याच बिया त्यात अजून टणटणीत पडलेल्या असणार. बोटभर खोल आहेत म्हणून वरची अर्धा इंच माती खरवडून काढलीत तर त्यांच्यापर्यंत ऊन नीट पोचेल. पावसाची पहिली सर आल्यावर आठवडाभरात कोंब दिसतील आणि भाजी करायची असेल तर दोन-चार पानांवर असतानाच खुडा, मोठा होऊ दिलात तर कडू लागतो आणि घरातलं कोणी खात नाही.